वीज साठवायची कुठे? मुळशीपासून हॉट स्प्रिंग्जपर्यंत

 

आज बोलायचंय वीज साठवण्याच्या इतिहासाबद्दल. बॅटरी म्हटलं की हल्ली आपल्याला फोन आठवतो, फार तर गाडी. पण आपल्या नॉर्थ कॅरोलायनात १९८७ पासून एक वेगळाच प्रयोग अधूनमधून होत आला आहे: बॅटरी थेट विजेच्या वितरणाच्या जाळ्यात बसवायची. ती किती मोठी हवी, यापेक्षा ती नेमकी कुठे हवी, हा प्रश्न जास्त अवघड निघाला. मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. सह्याद्रीत तो शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला आहे, आणि फार कडू रूपात.

आधी पाण्याचं उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पुण्यात, सोलापुरात, डोंबिवलीत वाढलेल्यांना आठवत असेल, पाणी किती ठिकाणी साठवलेलं असतं. एक धरणात. एक पालिकेच्या उंच टाकीत. एक सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत. आणि शेवटचं मोरीतल्या पिंपात. पाणी तेच, पण प्रत्येक साठ्याचं काम वेगळं. धरण पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवतं. गच्चीवरची टाकी सकाळच्या दोन तासांची गर्दी भागवते. आणि रस्त्यात पाइप फुटला, तर धरण काठोकाठ भरलेलं असूनही तुमची अंघोळ पिंपावरच होते.

विजेचंही असंच आहे. म्हणून कुठल्याही साठ्याला तीन प्रश्न विचारायचे. तो कुठे आहे? कोणत्या तासासाठी आहे? आणि त्याची किंमत कोण मोजतो? आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा: मेगावॅट म्हणजे नळ किती मोठा, आणि मेगावॅट-तास म्हणजे टाकी किती मोठी.

आता सह्याद्रीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. जमशेटजी टाटांची कल्पना अशी की घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवावा आणि त्यावर वीज करावी. ते १९०४ साली वारले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये. लोणावळा, वळवण, शिरवटा इथे तलाव झाले, आणि १९१५ पासून ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरून वीज करू लागलं. ती वीज तारांवरून मुंबईला गेली. एवढी वीज साठवायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून वीज होण्याआधीचं पाणी साठवलं. साठा घाटावर, वापर मुंबईत. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, हे त्याचं काम.

किंमत कोणी मोजली? याचं उत्तर मुळशीत मिळतं. पुढच्या धरणासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली मावळ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यातून. धरण झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली आणि मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. साठा एका ठिकाणी, फायदा दुसऱ्या ठिकाणी, हे गणित तिथे पहिल्यांदा इतकं उघडं पडलं.

पुढे सह्याद्रीतच साठवणुकीची दुसरी पायरी आली. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ मध्ये २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. मागणी कमी असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. इथे पावसाळा आणि उन्हाळा यांच्याऐवजी रात्र आणि संध्याकाळ यांची अदलाबदल होते. तरीही साठा डोंगरातच राहिला.

त्याच सुमाराला महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वेगळाच साठा उभा राहत होता, आणि तो कोणत्याच अभियंत्याने आखलेला नव्हता. भारनियमनाची ती वर्षं आठवा. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली, तेव्हा राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. गळती किती आणि बिलांची वसुली किती, यावर भाग पाडले गेले आणि त्याप्रमाणे अंधाराचे तास ठरले. ज्यांना परवडलं त्यांनी जिन्याखाली किंवा गॅलरीत इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी बसवली. दर काही महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणं हे घरातलं एक कामच होऊन बसलं.

तो साठा वापरणाऱ्याच्या अगदी उशाशी होता. पण ज्याच्या घरी होता, त्याच्यापुरताच होता. शिवाय वीज परत आली की गल्लीतल्या सगळ्या बॅटऱ्या एकदम चार्ज व्हायला लागायच्या, म्हणजे तुटीच्या वेळी मागणी उलट वाढायची. जेवढी वीज भरली तेवढी परत मिळत नाही, तो तोटा वेगळा. मोरीतल्या पिंपासारखंच हे: घरोघरी पिंपं भरली म्हणून गावाची पाणीटंचाई मिटत नाही.

म्हणजे एका टोकाला डोंगरातलं धरण, दुसऱ्या टोकाला जिन्याखालची बॅटरी, आणि मधली गच्चीवरची टाकी गायब. ही मधली जागा म्हणजेच वितरणाचं जाळं. उच्चदाबाच्या तारा शहराच्या कडेला उपकेंद्रापर्यंत येतात. तिथून फीडर निघतात आणि वस्त्यांमधून फिरतात. मग आपल्याकडची डीपी, किंवा इथे मॉरिसव्हिलच्या टाउनहोमसमोर गवतात बसवलेली ती हिरवी पेटी, आणि शेवटी घर. या मधल्या भागात साठा ठेवायचा प्रयत्न कोणी केला, हे बघायला आता आय-४० धरून पश्चिमेकडे निघू.

दोन-सव्वादोन तासांवर स्टेट्सव्हिल लागतं. तिथे क्रेसेंट नावाची वीज सहकारी संस्था होती. आपल्याकडच्या सहकारी संस्थांसारखीच, ग्राहकच सभासद. १९८७ मध्ये या संस्थेने ५०० किलोवॅटची बॅटरी बसवली. सुमारे तासभर चालेल एवढी. तंत्र जुनंच, शिसं आणि आम्ल, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची मोठी बहीण.

एका छोट्या सहकारी संस्थेला ही उठाठेव कशासाठी करावीशी वाटली? कारण घाऊक वीज विकत घेताना एकूण वापराचे पैसे तर द्यावे लागतातच, पण सर्वाधिक मागणी झाली त्या काळात किती ओढली, यावरही आकार बसतो. लग्नात जेवणावळीची एकच पंगत मोठी बसणार असेल तरी ताटं तेवढीच आणावी लागतात, तसं. तो एक तास बॅटरीने उचलला की बिल उतरतं. ही बॅटरी २००२ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं चालली. अमेरिकेतल्या वितरण संस्थांनी रोजच्या कामासाठी चालवलेल्या अगदी सुरुवातीच्या बॅटऱ्यांपैकी ती एक. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिथे स्वच्छ होती: जागा, संस्थेचं स्वतःचं जाळं, तास, सर्वाधिक मागणीचा. आणि तिसऱ्याचंही, कारण पैसे सभासदांचे आणि बचतही सभासदांचीच.

मग असल्या बॅटऱ्या गावोगावी का बसल्या नाहीत? दोन अडचणी होत्या. एक, बॅटरी महाग होती. दुसरी, बॅटरीतून निघते डीसी वीज आणि जाळं चालतं एसीवर. मोठ्या प्रमाणात ही अदलाबदल करायला दणकट आणि झटपट स्विच लागतात. त्यांतला एक फार महत्त्वाचा स्विच म्हणजे आयजीबीटी. तो घडवणारे जयंत बालिगा १९८८ मध्ये आपल्या शेजारच्या रॅलेमधल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात आले, आणि २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. याच विद्यापीठात २००८ मध्ये फ्रीडम नावाचं संशोधन केंद्र निघालं, ते वितरणाच्या जाळ्यालाच हुशार कसं करायचं याचा अभ्यास करायला. आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत लिथियम बॅटऱ्यांच्या किमती जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरल्या. तिथून चित्र पालटलं.

पण पालटलेल्या चित्रातही प्रश्न तोच राहिला: कुठे? आपल्यातले निम्मे लोक आयटीत आहेत, त्यांना हे लगेच उमगेल. सगळा डेटा एकाच मोठ्या केंद्रात ठेवायचा, की थोडा थोडा वापरणाऱ्याच्या जवळ? जवळ ठेवला तर मधली वाट तुंबली किंवा तुटली तरी काम अडत नाही, पण दहा ठिकाणी देखभाल करावी लागते. विजेतही तेच. उपकेंद्रापाशी ठेवलेली बॅटरी अनेक फीडरना उपयोगी पडते, ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका करते. वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्सटनला २००६ मध्ये सोडियम-सल्फरची एक मेगावॅटच्या आसपासची बॅटरी याच कामासाठी बसली. वर्षातल्या मोजक्या तासांसाठी उपकेंद्र वाढवण्यापेक्षा ती बरी पडेल, हा हिशोब. पण उपकेंद्र आणि तुमचं घर यांच्यामध्ये झाड पडलं तर ही बॅटरी तुम्हाला काही देऊ शकत नाही. त्यासाठी साठा फीडरच्या शेवटाकडे हवा, आणि तेवढा तुकडा मुख्य जाळ्यापासून वेगळा होऊन स्वतःच्या पायावर चालला पाहिजे. यालाच मायक्रोग्रिड म्हणतात.

नॉर्थ कॅरोलायनात २०१७ मध्ये अशा दोन जागा झाल्या, एक डोंगरात आणि एक समुद्रात. ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या माउंट स्टर्लिंगवर संपर्काचा एक मनोरा आहे. केवळ त्याच्यासाठी जंगलातून काही मैल तार नेलेली होती. ड्यूक एनर्जीने तिथे १० किलोवॅटची सौर पॅनेलं आणि ९५ किलोवॅट-तासांची झिंक-एअर बॅटरी बसवली. मग त्या तारेची गरजच उरली नाही. साठा योग्य जागी ठेवला तर कधी कधी अख्खी तार वाचते, हे तिथे दिसलं.

दुसरी जागा ओक्राकोक. आउटर बँक्समधलं हे बेट, जिथे बहुतेकांना फेरीने जावं लागतं. टाइडलँड या वीज सहकारी संस्थेच्या तिथल्या वीजघरात तीन मेगावॅटचं डिझेल जनित्र आहे. त्याच्या जोडीला बॅटरी, थोडी सौर वीज आणि घरांतले दूरस्थ थर्मोस्टॅट आले. लगेच त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस परीक्षा झाली. बॉनर पुलाच्या बांधकामात वीजवाहिनी तुटली आणि हॅटरस आणि ओक्राकोक दोन्ही बेटांची वीज गेली. भर हंगाम, बेट पर्यटकांनी भरलेलं. तो पूर्ण भार त्या यंत्रणेला पेलणारा नव्हता, आणि पर्यटकांना बेट सोडावं लागलं. धडा सरळ होता: बॅटरी तासांची गोष्ट आहे, आणि तुटलेली वाहिनी जोडायला दिवस लागतात. ज्या तासासाठी साठा बांधला, त्यापलीकडचं त्याच्याकडे मागू नये.

मोठ्या जाळ्याची परीक्षा आपल्या दारातच झाली. २४ डिसेंबर २०२२, नाताळच्या आदल्या दिवसाची पहाट. कडाक्याची थंडी, हीटर सुरू, काही वीजकेंद्रांनी दगा दिला आणि बाहेरून ठरलेली वीज आली नाही. ड्यूकने कॅरोलायनात चक्राकार भारनियमन केलं. कंपनीच्या इतिहासात इथे ते पहिल्यांदाच. सुमारे पाच लाख ग्राहकांची वीज गेली. आळीपाळीने वीज बंद-चालू करणारी स्वयंचलित प्रणाली नीट चालली नाही, त्यामुळे काहींना ठरल्यापेक्षा जास्त वेळ अंधारात काढावा लागला. आपल्यातल्या अनेकांना त्या सकाळी 'लोडशेडिंग' हा शब्द बऱ्याच वर्षांनी आठवला असेल. तूट होती ती पहाटेच्या काही तासांची, म्हणजे बॅटरीच्या आवाक्यातली. पण तशा साठ्याचं जाळं तेव्हा पुरेसं उभं नव्हतं.

आणि आता आय-४० वरून ॲशव्हिलपर्यंत आणि तिथून पुढे डोंगरात, हॉट स्प्रिंग्जला. जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. फ्रेंच ब्रॉड नदीच्या काठावर, आणि ॲपलाचियन ट्रेल थेट त्याच्या मुख्य रस्त्यावरून जाते. या गावाला वीज येते ती डोंगरातून येणाऱ्या एकाच लांब वाहिनीने. दुसरी वाहिनी टाकणं फार खर्चाचं. म्हणून ड्यूकने तिथे दोन मेगावॅटची सौर पॅनेलं आणि ४.४ मेगावॅटची लिथियम बॅटरी बसवली. २०२३ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ आलं. नदी गावात शिरली आणि गावाचं उपकेंद्रच पुराने निकामी केलं. बाहेरून वीज आणायला जागाच उरली नाही. मग कर्मचाऱ्यांनी धड राहिलेल्या तारा तपासल्या, मोडलेला भाग वेगळा केला, आणि २ ऑक्टोबरला गावाचा मध्यभाग बॅटरी आणि सूर्य यांच्यावर सुरू केला. फिरतं उपकेंद्र जोडलं जाईपर्यंत, म्हणजे सुमारे सहा दिवस तो तसाच चालला. आजूबाजूचे डोंगर अंधारात असताना गावाच्या मध्यभागी दिवे होते.

दोन गोष्टी नीट बघा. वादळ २७ सप्टेंबरला आलं आणि वीज २ ऑक्टोबरला. म्हणजे बॅटरी आपोआप काही करत नाही, तारा तपासणारी माणसं लागतात. आणि नुसती बॅटरी सहा दिवस पुरली नसती. दिवसा ऊन तिला भरत होतं, रात्री ती गावाला देत होती. ओक्राकोकला जे जमलं नाही ते इथे जमलं. भार लहान होता, साठ्याला भरणारा स्रोत शेजारीच होता, आणि दोन्ही तुटलेल्या वाहिनीच्या अलीकडे होते.

याचा आपल्याशी संबंध काय? २०२० च्या जनगणनेत मॉरिसव्हिलची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती, आणि त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त आशियाई वंशाचे. बहुतेकांची बिलं ड्यूक एनर्जी प्रोग्रेसची. गॅरेजमध्ये विजेच्या गाड्या आल्या, हीट पंप आहेतच. थंडीच्या सकाळी आपल्या सगळ्यांची मागणी एकाच वेळी वर जाते, अगदी त्या २०२२ च्या पहाटेसारखी. २०२४ मध्ये ड्यूकने पॉवरपेअर नावाची योजना आणली. छतावर पॅनेलं आणि सोबत बॅटरी एकत्र घेतली तर सवलत. त्यातल्या एका गटाच्या ग्राहकांनी ठरावीक वेळा आपली बॅटरी कंपनीला वापरू द्यायची. जिन्याखालच्या इन्व्हर्टरमध्ये आणि या बॅटरीमध्ये हाच मोठा फरक आहे. ती घरात असली तरी काही तास शेजाऱ्यांच्याही कामाला येते.

जवळच्या साठ्याला जोखीमही असते. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या प्रचंड बॅटरी केंद्राला आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. मुळशीत जोखीम दूरच्यांनी सोसली आणि फायदा शहराने घेतला. आता फायदा आणि जोखीम दोन्ही शेजारी येतील. माझ्या मते ते जास्त न्यायाचं आहे, पण त्यासाठी शेजाऱ्यांना आधी विचारलं पाहिजे.

आणि या इतिहासाचं एक वर्तुळ मुंबईतच पुरं होताना दिसतंय. ज्या टाटांनी मुळशीच्या खोऱ्यात मुंबईसाठी पाणी साठवलं, त्याच समूहाच्या टाटा पॉवरला २०२५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मुंबईत १०० मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवायला मंजुरी दिली. एका जागी नव्हे, दहा ठिकाणी, वापर होतो तिथेच जवळ. शंभर वर्षांत साठा घाटावरून गल्लीजवळ आला.

महाराष्ट्रात आयोगाच्या जनसुनावण्या होतात, आणि पुण्याच्या प्रयास संस्थेने त्यांत वर्षानुवर्षं आकडेवारीनिशी बाजू मांडली आहे. इथे नॉर्थ कॅरोलायना युटिलिटीज कमिशनही सामान्य ग्राहकांचं म्हणणं ऐकतं, लेखी आणि समोरासमोर. तिथे बोलायला अभियंता असावं लागत नाही. पुढच्या वेळी 'अमुक मेगावॅटची बॅटरी' अशी बातमी वाचलीत, तर आकड्यावर थांबू नका. ती कोणत्या उपकेंद्रापाशी, कोणत्या तासांसाठी, आणि बिलात कोणाच्या नावावर, एवढं विचारा. मुळशीच्या शेतकऱ्यांना हे विचारायला सत्याग्रह करावा लागला होता. आपल्याला एक पत्र पुरेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.